जखमींच्या घरापासून वॉर्डांच्या नकाशापर्यंत: जॉन शॉ बिलिंग्ज यांचे प्रकरण

२ जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील गेटिसबर्गच्या रणभूमीवर, लिटल राउंड टॉप या टेकडीच्या मागच्या बाजूला, पंचवीस वर्षांच्या एका लष्करी शल्यवैद्याने एक दगडी घर आणि त्याला लागून असलेले कोठार रुग्णालयासाठी ताब्यात घेतले. घरातली माणसे नुकतीच बाहेर पडली होती. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, पावासाठी पीठ मळून ठेवलेले होते आणि भाजण्याच्या भांड्यांना आतून चरबी चोपडून झाली होती. जखमी अजून यायचे होते. या शल्यवैद्याने हाताखालच्या माणसांना सर्वप्रथम ते पाव भाजायला, पाणी तापवायला आणि सूप चढवायला सांगितले, आणि मग शस्त्रक्रियेची टेबले मांडली.

रुग्णालय प्रशासन शिकणाऱ्यांपुढे जॉन शॉ बिलिंग्ज यांचे प्रकरण ठेवताना मी नेहमी या चुलीपासून सुरुवात करतो. बिलिंग्ज यांची ख्याती पुढे दोन गोष्टींसाठी झाली: बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा आराखडा आणि वैद्यकीय ग्रंथांची महासूची. दोन्ही कामे बैठी, कागदावरची वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी जी दृष्टी आहे, ती रणांगणाजवळच्या त्या स्वयंपाकघरात स्पष्ट दिसते. जखमी माणूस आत येण्यापूर्वी त्याच्यासाठी अन्न, पाणी, हवा आणि जागा यांची तजवीज झालेली असली पाहिजे आणि ती करणे हे डॉक्टरचेच काम आहे, असे ते मानत.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी त्यांनी पत्नी कॅथरिन यांना लिहिलेल्या पत्रांत या कामाची दुसरी बाजू दिसते. सातशे जखमींची जबाबदारी आपल्यावर टाकलेली आहे, रात्रंदिवस शस्त्रक्रिया चालू आहेत, अंग रक्ताने माखले आहे आणि तुझ्याजवळ येऊन सलग सोळा तास झोपावेसे वाटते, असे त्यांनी लिहिले. आपल्या कामासाठी त्यांनी वापरलेला शब्द खाटिकखान्यातला होता. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे अहवाल, आराखडे आणि सूच्या तयार केल्या त्यांत हा थकवा कुठेही उमटलेला नाही; पण तो माहीत असल्याशिवाय त्या कागदांचे वजन कळत नाही, असे माझे मत आहे.

पूर्वपीठिका

बिलिंग्ज यांचा जन्म १२ एप्रिल १८३८ रोजी इंडियाना राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी वडिलांशी त्यांनी केलेला करार सांगण्यासारखा आहे: महाविद्यालयाच्या खर्चाला तुम्ही मदत करा, त्या बदल्यात घरची सगळी मालमत्ता बहिणीला द्या, माझा त्यावर हक्क राहणार नाही. ओहायोतील मायामी विद्यापीठातून १८५७ मध्ये पदवी घेऊन ते सिनसिनाटीला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. तिथला एक हिवाळा त्यांनी आठवड्याला ७५ सेंट एवढ्या खर्चात, मुख्यतः दूध आणि अंड्यांवर काढला. १८६० मध्ये त्यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियात्मक उपचारांवर प्रबंध लिहिला. आधी कोणी काय केले आणि रुग्णांचे पुढे काय झाले हे शोधताना त्यांची दमछाक झाली, कारण देशातल्या कोणत्याही एका ग्रंथालयात ते सगळे साहित्य नव्हते आणि जे होते त्याची धड सूचीही नव्हती. ही अडचण ते कधी विसरले नाहीत.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर लष्कराच्या वैद्यकीय परीक्षेत ते पहिले आले आणि १८६२ मध्ये त्यांची सहायक शल्यवैद्य म्हणून नेमणूक झाली. वॉशिंग्टनजवळच्या क्लिफबर्न येथे घोडदळाच्या जुन्या बराकींचे रुग्णालयात रूपांतर करून ते चालवण्याचे काम त्यांच्याकडे आले. मग फिलाडेल्फियातील सॅटर्ली या प्रचंड लष्करी रुग्णालयात काही महिने काढून ते १८६३ च्या वसंतात आघाडीवर गेले आणि चान्सलर्सव्हिल व गेटिसबर्ग या दोन्ही लढायांत त्यांनी जखमींवर उपचार केले. म्हणजे दीड वर्षाच्या आत त्यांनी रुग्णालयाची तिन्ही रूपे आतून पाहिली: जुन्या इमारतीत कसेबसे बसवलेले, मुद्दाम बांधलेले आणि ऐन वेळी एखाद्या शेतकऱ्याच्या घरात उभे राहिलेले.

या युद्धात उत्तरेकडचे सुमारे ३ लाख ६० हजार सैनिक दगावले आणि त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश गोळीने नव्हे तर जुलाब, विषमज्वर, हिवताप अशा आजारांनी गेले. लष्करी वैद्यकाने यातून एक धडा घेतला होता. लांबट, एकमजली, लाकडी वॉर्ड एकमेकांपासून सुटे बांधायचे, दोन्ही बाजूंना खिडक्या ठेवायच्या आणि छपराच्या आढ्याला लांबलचक फट ठेवून आतली हवा वर निघून जाऊ द्यायची. अशा बराकवजा रुग्णालयांतले मृत्यूचे प्रमाण जुन्या, जाड भिंतींच्या शहरी रुग्णालयांच्या तुलनेत इतके चांगले निघाले की दगडी इमारती अजिबात बांधूच नयेत, रुग्णालय काही वर्षे वापरून पाडून टाकावे, असे म्हणणारा एक मोठा वर्ग तेव्हा तयार झाला. भिंतींत रोगाचे विष मुरते, ही समजूत त्यामागे होती.

युद्धानंतर बिलिंग्ज वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय खात्याच्या प्रमुखांच्या, कार्यालयात राहिले. १८७० मध्ये त्यांनी लष्कराच्या बराकी आणि रुग्णालये यांवर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, ज्यात देशभरातल्या ठाण्यांची एकेक करून नोंद होती आणि जिथे सैनिक दाटीवाटीने, कोंदट हवेत झोपवले जात होते तिथे ते तसे स्पष्ट म्हटलेले होते. आपल्याच खात्याच्या गैरव्यवस्थेबद्दल, खात्यात राहून, सही करून असे लिहायला धैर्य लागते. १८७५ मध्ये सैन्याच्या आरोग्यावर असाच दुसरा अहवाल आला.

प्रश्न काय होता

बाल्टिमोरचे व्यापारी जॉन्स हॉपकिन्स २४ डिसेंबर १८७३ रोजी वारले. मृत्युपत्राने त्यांनी सुमारे ७० लाख डॉलर एक विद्यापीठ आणि एक रुग्णालय यांना निम्मेनिम्मे दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी काही अटी घातल्या होत्या: शहरातल्या आणि आसपासच्या गरीब रुग्णांना लिंग, वय किंवा वर्ण न पाहता विनामूल्य प्रवेश मिळावा, पैसे देऊ शकणाऱ्यांसाठीही काही जागा असावी, परिचारिकांचे प्रशिक्षण व्हावे आणि हे रुग्णालय पुढे विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचा भाग बनावे. शिवाय बांधकामाचा खर्च उत्पन्नातून करायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही.

या शेवटच्या अटीचे महत्त्व आराखड्याच्या चर्चेत अनेकदा सुटते. मुद्दल राखायचे म्हणजे दरवर्षी जेवढे उत्पन्न येईल तेवढेच बांधायचे. त्यामुळे १८७७ मध्ये सुरू झालेले काम १८८९ पर्यंत चालले. बारा वर्षे आराखडा करणाऱ्याला त्या आराखड्यासोबत राहावे लागले, आणि या बारा वर्षांत वैद्यकशास्त्रच पायाखालून सरकले.

१८७५ मध्ये विश्वस्तांनी पाच डॉक्टरांना आपापल्या योजना मागितल्या. बिलिंग्ज वगळता बाकीचे चौघे बोस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया आणि न्यू ऑर्लिन्स येथले होते. बिलिंग्ज यांची योजना निवडली गेली. लष्करी नोकरी न सोडता त्यांनी सल्लागार म्हणून काम पाहिले आणि १८७६ मध्ये युरोपातील रुग्णालये पाहून आल्यावर आराखडा पक्का केला.

आराखडा आणि त्यामागचा विचार

योजनेच्या तांत्रिक भागात लष्करी बराकींचे संस्कार ठळक आहेत. वॉर्ड सुटे, एका वॉर्डातली हवा दुसऱ्यात जाऊ नये अशी मांडणी, खाली तळघर, त्यातून गरम पाण्याच्या नळ्यांवर तापलेली ताजी हवा भिंतीलगत वर येणार आणि खाटांच्या खालच्या झरोक्यांतून वापरलेली हवा ओढून उंच धुराड्यावाटे बाहेर जाणार. उन्हाळ्यासाठी छताजवळ वेगळे झरोके. लिफ्ट नको, कारण लिफ्टच्या पोकळीतून एका मजल्याची दूषित हवा दुसऱ्यावर जाईल. एक वॉर्ड अष्टकोनी. संसर्गजन्य रुग्णांचा वॉर्ड निराळा. प्रत्येक गोष्टीत हवेचा हिशोब आहे, जणू शिधावाटप अधिकारी माणशी धान्य मोजतो तशी हवा मोजलेली आहे.

परंतु मला बिलिंग्ज यांच्या या योजनेतला सर्वांत मोलाचा भाग हवेचा वाटत नाही. रुग्णालयात विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल तर रुग्णाचे काय, या प्रश्नाला बिलिंग्ज थेट भिडले. आजारी माणूस वेदना कमी व्हावी म्हणून येतो, त्याला औषधाइतकीच सहानुभूतीची आणि धीराची गरज असते, आणि गलका करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या घोळक्यापुढे त्याच्या इच्छेविरुद्ध उभे करून, एखाद्या चमत्कारिक भुंग्यावर बोलावे तसे त्याच्यावर व्याख्यान देणे म्हणजे त्याचे मन दुखावणे आहे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आणि या रुग्णालयात त्याला असले भय राहणार नाही, असे पुढे जोडले. हे १८७५ साल आहे. धर्मादाय रुग्णालयात आलेल्या गरिबाने शिकाऊ डॉक्टरांसाठी स्वतःचे शरीर उपलब्ध करून द्यायचे, हा तेव्हाचा न लिहिलेला सौदा होता. ज्याने सातशे जखमींना एकट्याच्या भरवशावर सांभाळले होते, त्याला खाटेवरच्या माणसाचे नाव नसणे म्हणजे काय हे माहीत होते.

शिकवणे थांबवायचे, असा मात्र त्याचा अर्थ नव्हता. उलट रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा एकमेकांत गुंतलेल्या असाव्यात, विद्यार्थी थोडे असावेत आणि त्यांनी वॉर्डात, खाटेजवळ, लहान गटांत शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णालयाने उपचारासोबत रोगाविषयीचे ज्ञानही वाढवले पाहिजे आणि त्यासाठी प्रत्येक रुग्णाची नोंद काळजीपूर्वक राखली पाहिजे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. आपण ज्याला केसपेपर म्हणतो तो कागद त्यांच्या दृष्टीने रुग्णालयाच्या कण्यासारखा होता. सर्जन जनरलच्या कार्यालयात युद्धातल्या लाखो नोंदी त्यांच्या अवतीभवती होत्या; नोंद नीट असेल तर सैनिकाला निवृत्तिवेतन मिळते आणि नसेल तर अपंग माणूस दारोदार फिरतो, हे रोजच्या कामात दिसत असे.

माणसांची निवडही त्यांनी तशाच थेट पद्धतीने केली. विल्यम ऑस्लर यांनी पुढे आठवण सांगितली आहे की बिलिंग्ज फिलाडेल्फियातील त्यांच्या खोलीवर आले, खुर्चीत न बसताच त्यांनी विचारले की जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या वैद्यक विभागाची सूत्रे घ्याल का. ऑस्लर यांनी होकार दिला. तपशील वेल्च (हॉपकिन्सचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक) यांच्याशी ठरवा, मला आज फार काम आहे, असे सांगून बिलिंग्ज निघून गेले. मिनिटभराची भेट. वरवर हा एका तुटक लष्करी माणसाचा किस्सा वाटतो, पण पुढची वीस वर्षे इंग्रजी जगातले वैद्यकीय शिक्षण ज्या माणसाने घडवले, त्याची पारख त्याआधी किती बारकाईने झालेली असली पाहिजे याचा विचार करण्यासारखा आहे.

जिथे त्यांचे चुकले

७ मे १८८९ रोजी रुग्णालय उघडले. सतरा इमारती आणि सुमारे २० लाख डॉलर खर्च. पण आराखडा कागदावर आला तेव्हा रोग दूषित हवेतून पसरतात हा विचार प्रचलित होता, आणि इमारत पूर्ण होईपर्यंत रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे आणि १८८३-८४ मध्ये पटकीचे जंतू दाखवून दिले होते. हवेसाठी केलेला सगळा खटाटोप, झरोके, धुराडी, लिफ्टला नकार, हे एका मागे पडलेल्या सिद्धांतावर उभे होते.

यावरून काही अभ्यासक या रुग्णालयाला जन्मतःच जुने ठरवतात. मला तो निवाडा अर्धवट वाटतो. सुटे वॉर्ड, भरपूर जागा, स्वच्छता आणि संसर्गजन्य रुग्णांचे वेगळे कक्ष या गोष्टी जंतूंच्या सिद्धांतानेही योग्यच ठरल्या, त्यांची कारणे तेवढी बदलली. आणि जी गोष्ट खरोखर टिकली, म्हणजे प्रयोगशाळा, वॉर्ड आणि शिक्षण यांची एकत्र बांधणी, ती हवेच्या सिद्धांतावर अवलंबून नव्हतीच. उद्घाटनाच्या भाषणात बिलिंग्ज यांनी रुग्णालयाला सजीवाची उपमा दिली: त्यातून वाहणारा जीवनप्रवाह सतत बदलतो, रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर येतात-जातात, त्याचे काम कधी संपत नाही आणि त्याची साधनसामग्री कधी पुरी होत नाही. ज्याने बारा वर्षे एका इमारतीवर खर्च केली तो माणूस ती पूर्ण झाल्याच्या दिवशी ती अपुरी असल्याचे सांगत होता.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे आणि ती शास्त्राच्या प्रगतीने माफ होत नाही. वर्ण न पाहता प्रवेश द्या, असे हॉपकिन्स यांनी लिहिले होते. प्रवेश मिळाला, पण कृष्णवर्णीय रुग्णांचा वॉर्ड वेगळा राहिला आणि हे विभाजन विसाव्या शतकात दीर्घकाळ चालले. दात्याच्या पत्राचा शब्द पाळून त्याचा आशय कसा डावलला जातो याचे हे उदाहरण आहे, आणि बिलिंग्ज यांच्या योजनेचे कौतुक करताना ते झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

वैद्यकीय शाळाही रखडली, कारण विद्यापीठाचा पैसा ज्या रेल्वे कंपनीच्या समभागांत होता तिचा लाभांश थांबला. शेवटी मेरी एलिझाबेथ गॅरेट यांनी मोठी देणगी दिली, पण स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश मिळेल आणि प्रवेशाची पातळी उंच राहील, या बोलीवर. शाळा १८९३ मध्ये सुरू झाली.

सूचीचे काम

हॉपकिन्सचे काम चालू असतानाच बिलिंग्ज सर्जन जनरलच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते. युद्ध संपले तेव्हा तिथे दोनेक हजार पुस्तके होती. युद्धकाळातील रुग्णालयांच्या निधीतून उरलेल्या सुमारे ८० हजार डॉलरांवर ग्रंथालयाची वाढ सुरू झाली, आणि १८९५ मध्ये बिलिंग्ज निवृत्त झाले तेव्हा संख्या लाखावर गेली होती. कित्येक वर्षे हे ग्रंथालय फोर्ड्स थिएटरच्या इमारतीत होते, जिथे अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. तिथे बसून बिलिंग्ज यांनी जगभरातल्या वैद्यकीय लेखांची विषयवार आणि लेखकवार सूची सुरू केली. तिचा पहिला खंड १८८० मध्ये आला आणि पहिली मालिका सोळा खंडांची झाली. त्याच्या जोडीला १८७९ पासून रॉबर्ट फ्लेचर यांच्यासह त्यांनी नव्या लेखांची मासिक सूची काढली. तीच सूची पुढे संगणकावर गेली आणि आज तिचा वारसा पबमेड या नावाने चालतो. पुण्यातला किंवा नागपुरातला निवासी डॉक्टर रात्रपाळीत एखाद्या दुर्मीळ आजारावरचे लेख शोधतो तेव्हा तो सिनसिनाटीतल्या त्या प्रबंधाच्या अडचणीचे उत्तर वापरत असतो.

पुढचे सगळे थोडक्यात सांगता येईल. १८९० च्या जनगणनेत हरमन होलेरिथ यांनी जी छिद्रे पाडलेली कार्डे आणि मोजणी यंत्रे वापरली, त्यांची मूळ कल्पना बिलिंग्ज यांच्याशी झालेल्या बोलण्यातून आली, असे होलेरिथ स्वतः सांगत. १८९६ पासून बिलिंग्ज न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे पहिले संचालक झाले, त्याच्या मुख्य इमारतीचा कच्चा आराखडाही त्यांनीच काढला आणि मे १९११ मध्ये ती उघडलेली पाहिली. उतारवयात त्यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. ११ मार्च १९१३ रोजी अशाच एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला आणि लष्करी माणूस म्हणून त्यांना आर्लिंग्टनच्या दफनभूमीत पुरण्यात आले.

बाल्टिमोरला त्यांनी आखलेले बहुतेक वॉर्ड आता उरलेले नाहीत. घुमटाची मध्यवर्ती इमारत मात्र उभी आहे आणि तिला बिलिंग्ज यांचे नाव आहे. घुमटाखाली १८९६ मध्ये बसवलेला ख्रिस्ताचा मोठा संगमरवरी पुतळा आहे. शस्त्रक्रियेला जाणारे रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि परीक्षेला निघालेले विद्यार्थी जाता-येता त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावतात.